जुन्या घराची नाडीपरीक्षा



तुमच्या गणिताच्या पुस्तकात घराच्या खरेदी-विक्रीची उदाहरणं असतात. एकाने घर इतक्याला घेतलं, दुरुस्तीला इतका खर्च केला, इतक्याला विकलं, तर नफा किती, तोटा किती? दोन ओळींत उत्तर निघतं आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. पण त्या उदाहरणातलं घर कसं होतं, त्याच्या भिंती कशाच्या होत्या, दुरुस्तीचा आकडा कुणी आणि कसा काढला, हे पुस्तक कधी सांगत नाही. गेले चार महिने आमच्या घरी हेच उदाहरण चाललं आहे. पुस्तकातलं नव्हे, खरंखुरं!

आम्ही राहतो सिडकोत, भाड्याच्या दोन खोल्यांत. यंदा उन्हाळ्यात जुन्या शहरात, गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत, एक जुनं घर विकाऊ असल्याचं कळलं. पुढे दगडी ओसरी, मध्ये छोटासा चौक, मागे दोन खोल्या आणि वर माळवद. शहराबाहेरच्या नव्या फ्लॅटला जेवढे पैसे लागतात, त्याच्या निम्म्यात हे घर मिळत होतं. सासूबाई ओसरीत शिरल्या आणि खांबाला हात लावून म्हणाल्या, "हेच घ्यायचं." माझ्या मुलीचे बाबा मात्र वर बघत राहिले. छताला ओलीचे पिवळे डाग होते. झालं! घरात दोन पक्ष पडले. मुलगी सहावीत आहे, ती आजीच्या पक्षात. मी कोणाच्या? मी शिक्षिका. मी म्हटलं, आधी तपासू, मग गुण देऊ.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असा विषय आज ना उद्या निघेल. मोठी माणसं हळू आवाजात बोलतात आणि मुलांना "जा, खेळा" म्हणतात. पण राहायचं तर सगळ्यांनाच असतं ना? म्हणून आज हे घर कसं तपासलं ते सांगते.

आधी थोडं आपल्या शहराविषयी. आजचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद आणि त्याच्याही आधीची खडकी. मलिक अंबरने १६१० साली खडकीला राजधानी केली आणि शहराला पाणी मिळावं म्हणून नहर बांधली. दूरच्या डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी उताराने, खापराच्या नळांतून गावात यायचं. पंप नाही की वीज नाही. पाणचक्की फिरते तीही अशाच एका नहरीच्या पाण्यावर. त्या काळापासून इथल्या बांधकामाला तीन गोष्टी मिळत आल्या: काळा दगड, चुना आणि पांढरी माती. चुना घाणीत मळायचे. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. चुन्यात वाळू तर असायचीच, शिवाय गूळ, बेलफळाचं पाणी असल्या गोष्टीही घालत. बीबी का मकबरा पूर्ण संगमरवरी आहे असं वाटतं ना? पुढच्या सहलीला नीट बघा. मुख्य इमारतीला संगमरवर आहे तो खालच्या भागात आणि घुमटाला. मधला पुष्कळसा भाग दगडाचा असून त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे. साडेतीनशे वर्षं होऊन गेली तरी तो उभा आहे. तेव्हा 'चुना म्हणजे कच्चं काम' असं कुणी म्हणालं, तर त्याला मकबरा दाखवून आणा.

आता माळवद. आपल्या मराठवाड्यातली ही खास गोष्ट. भिंतींवर आणि खांबांवर लाकडी तुळया टाकतात. त्यांच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती अंथरून, बडवून घट्ट करतात. पाऊस पडला की ही माती फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घरात बसवत नाही, तेव्हा माळवदाखाली गारवा असतो. मग यात वाईट काय?

वाईट आहे ते वजन. चला, गणित करू. खोली १० फूट लांब, १० फूट रुंद. तिच्या माळवदावर १ फूट जाडीचा मातीचा थर. म्हणजे १०० घनफूट माती. बडवलेली कोरडी माती दर घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. एकूण ४,५०० किलो, म्हणजे ४५ क्विंटल. पूर्ण वाढलेला हत्ती चार-पाच टनांचा असतो. थोडक्यात, त्या दहा बाय दहाच्या खोलीवर एक हत्ती उभा आहे आणि खाली आपण चटई टाकून झोपलो आहोत! पावसात माती भिजली की हत्ती आणखी जड होतो. त्यातून माळवद गळायला लागलं की लोक जुनी माती काढत नाहीत, वर नवी टाकतात. दहा-वीस वर्षांनी थर दीड फुटांवर जातो. आमच्या त्या घराच्या मागच्या खोलीवर नेमका दीड फूट निघाला. किती क्विंटल झाले, ते तुम्हीच काढा.

आणि इथे मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितलीच पाहिजे. तुमचा तेव्हा जन्मही नव्हता, पण तुमच्या आईबाबांना आठवत असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून, थकून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. मुलांनो, भूकंपाने जमीन हलली खरी, पण माणसं मेली ती घरांखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, म्हणजे पाहणाऱ्याला किल्लाच वाटावा. पण त्या जाड भिंतीत खरं म्हणजे दोन भिंती होत्या. बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये माती व दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. जमीन हलली तसे दोन थर एकमेकांपासून सुटले, एक बाहेर कोसळला, दुसरा आत. वरून मातीचं ओझं खाली आलं. जिथे माळवद लाकडी खांबांवर तोललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही लाकडाचा सांगाडा उभा राहिलेला दिसला.

वर्गात मी याचा प्रयोग करते, तुम्हीही करा. खडूचे चार तुकडे टेबलावर उभे करा. त्यांवर पुठ्ठा ठेवा. पुठ्ठ्यावर एक पातळ वही ठेवून टेबल हलकेच हलवा. मग वहीच्या जागी जाडा शब्दकोश ठेवा आणि तेवढंच हलवा. काय होतं ते मी सांगत नाही.

भूकंपानंतर पुष्कळ गावं नव्या जागी वसवली गेली. पण सगळीच घरं पाडता येत नाहीत. म्हणून जी उभी होती ती मजबूत करण्याच्या रीती अभियंत्यांनी ठरवल्या. भिंतीतला एखादा दगड अलगद काढायचा, तिथून आरपार भोक पाडायचं, त्यात लोखंडी सळई घालून काँक्रीट भरायचं. थोड्या थोड्या अंतरावर असे टाके घातले की दोन थर शिवले जातात. गोधडीसारखे! भिंतीच्या वरच्या बाजूला घरभर पट्टा बांधायचा आणि माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. जुनं घर म्हणजे पाडण्याजोगंच असं नाही आणि जाड भिंत म्हणजे भक्कमच असंही नाही. आत काय आहे ते बघावं लागतं.

ते कसं बघायचं? पहिली गोष्ट म्हणजे, घर पावसाळ्यात बघावं. एप्रिलमध्ये सगळी घरं शहाण्यासारखी वागतात. आम्ही जुलैत दोन दिवसांच्या झडीनंतर पुन्हा गेलो. ओसरी कोरडी होती. मागच्या खोलीत शिरताच कुबट वास आला. नाक हे फार प्रामाणिक यंत्र आहे बरं का! रंग देऊन डाग लपवता येतो, पण ओलीचा वास लपत नाही.

आमच्याबरोबर एक वयस्कर मिस्त्री होते आणि एक अभियंता. अभियंत्याची फी ऐकून मुलीचे बाबा थोडे कुरकुरले. मी म्हटलं, डॉक्टरला न दाखवता ऑपरेशन करायचं का? मिस्त्रींनी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवायला सुरुवात केली. ठक्क ठक्क आवाज आला की दगड आणि गिलावा एकजीव आहेत. ढब ढब आला की गिलावा सुटला आहे. मग त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तुळईचं मधलं लाकूड सोडून थेट टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, खुपसला. कारण विचारलं तर म्हणाले, "बाई, लाकूड उघड्यावर सडत नाही, लपलेल्या जागी सडतं." ओलसर भिंतीत दडलेलं टोक सडतं आणि वाळवीही तिथूनच चढते. पुढच्या खोलीतल्या सातही सागवानी तुळया टणक निघाल्या. मागच्या खोलीत पाचांपैकी तिघींत स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला.

मग ओळंबा. दोरीला बांधलेलं हे वजन तुम्ही गवंड्याकडे पाहिलं असेल. वरून सोडलं की दोरी अगदी सरळ लोंबते आणि भिंतीचं पोट सुटलं असेल तर लगेच कळतं. मागच्या भिंतीचं पोट चार बोटं बाहेर आलं होतं. अभियंत्याने मान हलवली. मला समजलं.

पुढच्या भिंतीचं दुखणं निराळंच होतं. कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता, मजबुतीसाठी. पण जमिनीतली ओल भिंतीत चढत असते. चुन्यातून ती हळूहळू बाहेर निघून जाते, सिमेंट तिला कोंडून ठेवतं. मग ओल वर वर चढते आणि खपल्या पडतात. पावसात रेनकोट घालून धावल्यावर आत घाम साचतो, तसंच. इथे औषध म्हणजे सिमेंट काढून पुन्हा चुना. खर्चिक, पण भिंत वाचते.

आता भिंतीबाहेरची तपासणी. मला वाटतं, पुष्कळ घरं ओलीपेक्षा कागदांमुळे कोसळतात. घराचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात मिळतं. ते काढलं, तर त्यावर अजून आजोबांचंच नाव. आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे मालक कोण? त्यांचे सगळे वारस. आमच्याशी बोलत होते ते थोरले भाऊ. मी विचारलं, "बहिणी किती?" ते म्हणाले, "दोन. पण त्या लग्न होऊन गेल्या." मुलींनो, नीट ऐका हं. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलींना वारसाहक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि २००५ मध्ये ती देशभर झाली. त्या घराच्या सात सह्या लागणार होत्या: तीन भाऊ, दोन बहिणी आणि वारलेल्या भावाची पत्नी व मुलगा. एक जरी सही राहिली, तरी उद्या कोर्टाची पायरी चढावी लागणार. याशिवाय वकिलांनी मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासले, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी पाहिली आणि महापालिकेच्या विकास आराखड्यात रुंदीकरणाची रेषा घरावरून जाते का तेही पाहिलं. ती जात नव्हती. जुन्या गल्ल्यांत हे पाहिलंच पाहिजे. आज घर घ्यावं आणि उद्या ओसरी रस्त्यात जावी, तर काय उपयोग?

या सगळ्या धावपळीत मला वारंवार आठवत होतं ते लंडनमधलं एक घर. किंग हेन्रीज रोड, क्रमांक १०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते, तेव्हा १९२१-२२ साली ते तिथे राहत. पुढे १९५० साली आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू करणारे बाबासाहेब ते हेच. २०१४ मध्ये हे घर विक्रीला निघालं. तिथल्या आंबेडकरी मंडळींनी महाराष्ट्र सरकारला कळवलं. घ्यावं की नाही यावर पुष्कळ खल झाला, कारण किंमत तीस लाख पौंडांहून जास्त होती आणि मुदत थोडी होती. शेवटी २०१५ मध्ये सरकारने ते घेतलं आणि १४ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या बालदिनीच, त्याचं उद्घाटन झालं. पण गोष्ट इथे संपत नाही. घर होतं राहण्यासाठी, आता तिथे झालं संग्रहालय. तिथल्या स्थानिक परिषदेने, कॅम्डन तिचं नाव, २०१८ मध्ये या बदलाला परवानगी नाकारली. शेजाऱ्यांपैकी काहींची गर्दीविषयी तक्रार होती. अपील झालं, सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. घेतल्यानंतर साडेचार वर्षांनी!

मला ते घर घेतलं याचा आनंदच आहे. ती खोली जगात एकच आहे, दुसरीकडे मिळणार नाही. पण आमच्या घराविषयी मी तसं म्हणू शकत होते का? सासूबाईंना मी हेच विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला चौक पाहिजे. तुळस लावायला आणि संध्याकाळी बसायला. सिडकोत मी चार भिंतींकडे बघत बसते." आता याचा भाव कुठल्या खान्यात लिहायचा? मी वहीत तीन खाने आखले होते. पहिल्यात घराची किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकिलांची फी. दुसऱ्यात दुरुस्ती: मागच्या खोल्या, टाके, चुना, नवी वीज, नवे नळ, संडास. तिसऱ्यात न दिसणारा खर्च, कारण जुनं घर उघडलं की काहीतरी निघतंच. मिस्त्री म्हणाले, दुरुस्तीच्या आकड्याच्या चौथा हिस्सा तिथे धरा. शिवाय काम चालेल तितके महिने सिडकोचं भाडं चालूच. बेरीज केली, तेव्हा 'निम्म्यात मिळतंय' हे वाक्य कुठल्या कुठे गेलं. फ्लॅटपेक्षा थोडंच कमी राहिलं.

म्हणजे स्वस्त म्हणून घ्यायचं कारण उरलं नाही. तरी आम्ही हो म्हटलं. मात्र अभियंत्याच्या अहवालाची प्रत समोर ठेवून. मागच्या दोन खोल्या पाडायच्या आणि तिथे हलक्या छताच्या नव्या बांधायच्या. पुढची ओसरी आणि चौक तसाच ठेवायचा, भिंतीला टाके घालायचे, माती उतरवायची. पाडण्याचा खर्च किमतीतून वजा करायला थोरले भाऊ तयार झाले. मागच्या भिंतीला ओळंबा लावला तेव्हा तेही तिथेच होते आणि आमच्यासारखीच त्यांचीही झोप उडाली होती. त्या खोलीत त्यांचा भाचा झोपत असे. त्याच रात्री त्यांनी त्याची गादी ओसरीत आणली. मला वाटतं, आमच्या तपासणीचा सगळ्यात मोठा उपयोग तोच झाला. इसार अजून दिलेला नाही. सातांपैकी पाच जणांनी होकार दिला आहे. एक बहीण नांदेडला असते, एक परभणीला. त्या दिवाळीला माहेरी येतील तेव्हा समक्ष बोलायचं ठरलं आहे. त्यांना हे घर विकायचंच नसेल, तर तोही त्यांचा हक्क आहे. सासूबाईंना तसं सांगून ठेवलं आहे. मुलीला सांगणं जास्त अवघड गेलं.

एक काम आता तुमच्यासाठी. तुमच्या घराच्या, शाळेच्या किंवा आजोळच्या भिंतीला तडा असेल, तर आधी बघा, तो केसासारखा बारीक आहे की त्यात पोस्टकार्ड शिरतं? मग पातळ कागदाची एक पट्टी घेऊन ती तड्यावर आडवी, खळ लावून दोन्हीकडे घट्ट चिकटवा. पट्टीवर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहा. आम्ही पुढच्या भिंतीवर अशा तीन पट्ट्या लावल्या आहेत. दर रविवारी पाहायचं. पट्टी सुरकुतली नाही, फाटली नाही, तर तडा जुना असून शांत आहे. फाटली, तर तो वाढतो आहे. तसं झालं, तर पट्टीला हात न लावता आधी घरच्या मोठ्यांना बोलावून दाखवा. मला पत्र नंतर लिहिलं तरी चालेल.

तुमच्या बाई